खळ्यावर हात तुटला, दोष कोणाचा?



माघ-फाल्गुनाचे दिवस आले म्हणजे शिरूर कासारच्या शिवारात सुगीची घाई सुरू होते. पूर्वी खळ्यावर तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवीत, आणि मळणीस आठवडे लागत. आता ट्रॅक्टरच्या मागे मळणीयंत्र येते व आठवड्याचे काम एका रात्रीत उरकते. यंत्र एक आणि वाट पाहणारी खळी दहा, म्हणून ते रात्री-अपरात्रीही चालू राहते. एक जण पेंढ्या पुढे देतो, दुसरा त्या यंत्राच्या तोंडात सारतो. पहाटेच्या सुमारास सारणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड येते. शेवटची पेंढी आखूड असते, ती हातानेच जरा आत ढकलावी लागते, आणि पेंढीबरोबर हात आत जातो.

ही हकीकत कोणा एका गावाची म्हणून आम्ही सांगत नाही. पण आमच्या वाचकांपैकी असा कोण आहे, ज्याच्या पाहण्यात मनगटाशी संपलेला एकही हात नाही? त्या रात्री काय होते हेही आपणां सर्वांस ठाऊक आहे. यंत्र थांबते. कोणी धोतर फाडतो, कोणी गाडी आणावयास धावतो. दुसऱ्या दिवशी यंत्र धुऊन पुन्हा सुरू होते, कारण पुढच्याची पाळी खोळंबलेली असते. आणि संध्याकाळी पारावर त्या तुटलेल्या हाताविषयी तीन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, “त्याच्या नशिबातच होते.” दुसरा म्हणतो, “त्याचेच लक्ष नव्हते.” तिसरा हळूच म्हणतो, “काही तरी पाप केले असेल.” तिन्ही उत्तरे देऊन माणसे घरी जातात व सुखाने झोपतात. ही झोप न्याय्य आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी, काय गेले ते नीट मोजून पाहू. कामगारांस नुकसानभरपाई देण्याविषयीचा जो कायदा १९२३ साली झाला, त्याने ही मोजणी अंकांत केली होती. अंगठा गेला तर माणसाची कमावण्याची शक्ती शंभरांत ३० ने घटली असे धरावे. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० ने. पंजाच गेला तर ६० ने. आणि दोन्ही हात गेले तर १०० ने. न्यायालयास असे काही कोष्टक हवेच असते, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. पण कडबाकुट्टीत हात गमावलेल्या बाईस भाकरी थापता येत नाही, लेकीची वेणी घालता येत नाही, डोक्यावर घागर चढवता येत नाही. ज्या हातांवर घर उभे होते त्यांतील एक गेला म्हणजे घराचा आढाच कलतो. थोरला मुलगा शाळा सोडतो, धाकटी मुलगी लवकर उजवली जाते. हे कोणत्या कोष्टकात मांडावे?

आता पहिले उत्तर घेऊ. नशिबाविरुद्ध आमची एकच साक्ष आहे, आणि ती यंत्राचीच आहे. मळणीयंत्रास पेंढी आत सोडण्यासाठी पत्र्याची पन्हळ असते. ती कशी असावी हे भारतीय मानकाने ठरवून दिले आहे: निदान ९० सेंटिमीटर लांब, आणि यंत्राच्या बाजूने तिचा निदान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला. कारण उघड आहे. माणसाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत त्याहून आखूड असतो. म्हणून अशा पन्हळीतून पेंढी आत जाते, पण बोटे फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचत नाहीत. आता, हात तुटणे जर कपाळी लिहिलेले असेल, तर ते लिहिणारा आखूड पन्हळीचीच यंत्रे का निवडतो? लांब व झाकलेली पन्हळ जिथे आहे तिथे त्याची लेखणी का चालत नाही? ज्या नशिबास हातभर पत्र्याने अडवता येते, त्यास नशीब म्हणणे ही शब्दांची फसवणूक होय.

हेच इतर ठिकाणीही दिसेल. ट्रॅक्टरच्या मागे जो दांडा फिरतो, ज्यास शेतकरी पीटीओ म्हणतात, तो बहुधा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. लुगड्याचा पदर किंवा गळ्यातील उपरणे त्यास लागले, तर “थांबव” हा शब्द तोंडातून निघण्यापूर्वी सारे होऊन जाते. त्या दांड्यावर कारखान्यातून झाकण येते. ते पुढे तुटते किंवा ग्रीस घालताना अडते म्हणून काढून टाकले जाते, व गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते. कडबाकुट्टीचे दाते असलेले रूळ वैरण आत ओढतात. त्यांस वैरण कोणती व बोटे कोणती हे कळत नाही. वीज बंद केल्यावरही तिचे जड चाक काही वेळ फिरतच राहते, आणि “बंद झाले” असे समजून हात घालणारा फसतो. हाताने फिरवावयाच्या कुट्टीचे चाक कुलूप न लावता सोडले तर दुपारी मुले ते फिरवून खेळतात; एक चाक फिरवतो, दुसरा चिपाड आत घालतो. ह्यांत दैव कोठे आहे? प्रत्येक ठिकाणी एक झाकण, एक कुलूप, किंवा ढकलण्यासाठी एक लाकडी दांडके नव्हते, एवढेच आहे.

दुसरे उत्तर असे की, त्याचे लक्ष नव्हते. हे पुष्कळदा खरे असते, व म्हणूनच ते अधिक विचार करण्याजोगे आहे. चौदा तास उभे राहिलेल्या माणसास पहाटे डुलकी लागली. पण डुलकी हा असा कोणता अपराध आहे की त्याची शिक्षा हात तोडणे ही असावी? कोणत्याही न्यायाधीशाने ती दिली नसती. ती उघड्या यंत्राने दिली. माणूस थकतो, विसरतो, घाई करतो. ज्या दिवशी तो असे करणार नाही त्या दिवशी तो माणूस राहणार नाही. तेव्हा, माणूस कधीच चुकणार नाही अशा भरवशावर जो यंत्र उभे करतो, त्याने माणसाचा विचारच केलेला नाही. चूक मजुराची असेल. पण एका चुकीस एवढी किंमत पडावी अशी मांडणी दुसऱ्या कोणी केलेली असते.

शहरातील एका गोष्टीवरून हे अधिक स्पष्ट होईल. २०१४ सालच्या जानेवारीत मुंबईच्या घाटकोपर स्थानकावर एक विद्यार्थिनी धावती लोकल पकडताना फलाट आणि गाडी ह्यांमधील पोकळीत पडली व तिचे दोन्ही हात गेले. तिने धावती गाडी पकडावयास नको होती, हे खरेच. पण तेवढे बोलून मुंबई थांबली नाही. फलाट गाडीच्या दाराहून इतका खाली का, हा प्रश्न लोकांनी विचारला, न्यायालयानेही विचारला, आणि फलाट उंच करण्याचे काम पुढे रेटले गेले. पुढे २०२० साली मुंबईतच त्या मुलीवर दुसऱ्याच्या हातांचे रोपण झाले. गाडी पकडण्यास धावणारी माणसे आजही आहेत. पण फलाट उंच झाला म्हणजे त्यांतील कितीएकांचे पाय पोकळीत जात नाहीत. मनुष्याचा स्वभाव बदलण्याची वाट पाहत न बसता फलाट बदलता येतो.

तिसऱ्या उत्तराविषयी थोडेच बोलतो. जखमी माणसाच्या पापांचा हिशेब पारावर बसून मांडणारे लोक पूर्वीही होते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा, ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूनेच पुढे आणला व त्यास नकार दिला, हे लूकच्या तेराव्या अध्यायात आमचे वाचक वाचतातच. ज्याचा हात गेला त्यावर पापाचा शिक्काही मारणे, म्हणजे यंत्राने सोडलेले काम जिभेने पुरे करणे होय.

मग खरे उत्तर काय? फार जुन्या काळी ते लिहून ठेवलेले आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे की, त्याने धाब्यास कठडा करावा. न केल्यास, तेथून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्यावर, आणि बैल मारका आहे हे कळूनही त्यास न बांधणाऱ्यावर, असाच बोजा ठेवला आहे. ह्या तिन्ही आज्ञांत एक गोष्ट समान आहे. धाब्याच्या धन्याने कोणास ढकलले नाही. खड्ड्याच्या धन्याने कोणास पाडले नाही. बैलाच्या धन्याने कोणास शिंग मारले नाही. तरी ते निर्दोष नाहीत. त्यांचा दोष केलेल्या कृत्याचा नसून न केलेल्या कृत्याचा आहे. त्यांस पुढचे दिसत होते, उपाय हाती होता, आणि त्यांनी तो केला नाही. आपल्या शिवारात विहिरी कितीएक आहेत ज्यांस कठडा नाही? मारक्या बैलाहून मारकी अशी यंत्रे किती आहेत ज्यांचे तोंड उघडे आहे?

येथे कोणी म्हणेल, “मजूर आपखुशीने आला. त्यास कोणी बळजबरी केली?” हा आक्षेप बीड जिल्ह्याने तर विशेष विचारपूर्वक ऐकावा. दसरा-दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातील गावेच्या गावे ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडावयाची. पायावर कोयत्याचा घाव बसला तरी चिंधी बांधून फड पुरा करावा लागतो, कारण खाडा झाला तर उचल अंगावर राहते. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून गाडीवर चढावे लागते. रात्री गाडी आली तर रात्रीच चढावे लागते. बैलगाडीस मागे दिवा नसतो, ट्रॉलीस लाल चकाकणारी पट्टी नसते, आणि अंधारात मागून येणाऱ्या वाहनास ती दिसत नाही. फडाच्या कडेस पाचटावर मूल निजवलेले असते, व ट्रॅक्टर मागे घेणाऱ्यास ते दिसत नाही. ह्या माणसांनी हे सारे “आपखुशीने” पत्करले काय? ज्यास “नको” म्हणण्याची सोय आहे, त्याच्याच “हो” ला पुरता अर्थ असतो. आणि घटकाभर मान्य केले की तो खरोखरच आपखुशीने आला. तरी त्याने मजुरीसाठी आपले श्रम विकले, हात विकला नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तोही खोटा नाही. तो म्हणतो, “मी कोण मोठा सावकार? यंत्र भाड्याचे, पाऊस डोक्यावर, आणि झाकणाने काम मंदावते.” खरे आहे, आणि म्हणूनच दोष एकट्या त्याचा नाही. ज्याने आखूड पन्हळ लावून यंत्र विकले, ज्याने झाकण काढले, ज्याने एकाच माणसास दिवसरात्र उभे केले, ज्याने आपली पाळी लवकर यावी म्हणून घाई केली, आणि ज्याने हे सारे पाहून “मला काय करायचे?” म्हटले, त्या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण शेताचे वाटे केल्याने जसा प्रत्येकाचा हिस्सा लहान होतो, तसा दोषाचा होत नाही. एका पत्र्याची किंमत, दहा मिनिटांचा खोळंबा, एक जास्त माणूस आळीपाळीने उभा करण्याची मजुरी: ह्या सर्वांची बेरीज एका बाजूस ठेवा, आणि दुसऱ्या बाजूस एक हात ठेवा.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळेच १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. यंत्र कसे असावे, ते कोणी बनवावे, आणि जखमी मजुरास भरपाई कशी मिळावी, हे त्यात आले. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी अपघाताची सानुग्रह अनुदान योजना काढली. तीत एक हात, पाय वा डोळा गेल्यास एक लाख, व असे दोन अवयव गेल्यास किंवा मृत्यू आल्यास दोन लाख रुपये ठरले. पण ती योजना सातबारावर ज्याचे नाव आहे त्याच्यासाठी व त्याच्या कुटुंबातील एकासाठी आहे. दुसऱ्याच्या खळ्यावर हात गमावणाऱ्या भूमिहीनास तिचे दार उघडत नाही. आणि पहाटे तीन वाजता खळ्यावर कोणी निरीक्षक उभा नसतो. तिथे कायद्याच्या जागी शेजारीच उभा असतो.

म्हणून आता शेजाऱ्याची कामे सांगतो. पहिले, स्वतःपुरते: यंत्रापाशी पदर खोचावा, उपरणे व कडे काढून ठेवावे, दारू प्यालेल्यास जवळ येऊ देऊ नये, मुलास यंत्रापाशी उभे करू नये, आखूड पेंढी हाताने न ढकलता दांडक्याने ढकलावी, अडकलेला चारा चाक पुरते थांबल्यावरच काढावा, आणि बंद करण्याची कळ हाताच्या अंतरावर ठेवून तिथे दिवा लावावा.

दुसरे, अपघात झाल्यावर: रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे व सोडू नये, राख, हळद, चुना काही भरू नये. दाबूनही रक्त थांबत नसेल व जीव जाण्याची भीती असेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा, व बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. तुटलेले बोट किंवा हात टाकून देऊ नये. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा व ती पिशवी बर्फात ठेवावी, पण बर्फ मांसास लागू देऊ नये. थोड्या तासांत योग्य इस्पितळ गाठले तर तो पुन्हा जोडला जाण्याचा संभव असतो. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांचे कागद नंतर होतात. जखमीवर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे.

येथे एक दुःखाची गोष्ट सांगणे भाग आहे. सारेच हात-पाय यंत्राने जात नाहीत; काही आपल्या मायेने जातात. हाड मोडले म्हणून बांबूच्या कामट्या इतक्या आवळून बांधतात की रक्त पोहोचत नाही, बोटे काळी पडतात, व साधे मोडलेले हाड पाय कापण्यापर्यंत जाते. साप चावल्यावर दोरी करकचून आवळतात. त्याने विष थांबत नाही, मात्र हात किंवा पाय सडू शकतो. दंश झालेला अवयव न हलवता माणसास लगेच इस्पितळात न्यावे, एवढेच करावयाचे असते. चांगल्या हेतूने केलेली हानी ही हानीच असते. म्हणून ठाऊक करून घेणे हाही प्रीतीचाच भाग आहे.

तिसरे काम सर्वांत लांब पल्ल्याचे आहे. जखम भरते, पण माणूस कोपऱ्यात बसतो, आणि गाव त्यास “बिचारा” म्हणून विसरते. त्यास पुन्हा उभे करणारेही आपल्याच देशात झाले. पुण्यास १९४४ सालापासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी रबराचा असा पाय घडविला की तो लावून माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, व अनवाणी चिखलातून शेतात जातो, डॉ. सेठी ह्यांस त्याबद्दल १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीज ह्यांचा कणा १९५४ साली मोटारीच्या अपघातात मोडला व कमरेखालील शरीर निकामी झाले. त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९६६ साली तिथे उभ्या राहिलेल्या पुनर्वसन संस्थेच्या त्या आधार झाल्या. ज्या शरीरास लोकांनी संपलेले मानले असते, त्यातून इतरांचे हात सरळ झाले.

वाचकहो, सुगी जवळ आली आहे. ह्या वर्षी यंत्र गावात शिरेल तेव्हा दोघांनी पुढे होऊन पन्हळ हाताने मापावी. खांद्यापर्यंत हात आत घालून, यंत्र बंद असताना, बोटे दात्यांस लागतात काय ते पाहावे. लागत असतील तर पत्रा लावल्यावाचून मळणी सुरू करू नये, मग पाळी कोणाचीही असो. लोक हसतील. धनी रागावेल. मजूरही कदाचित म्हणेल की, इतकी वर्षे काही झाले नाही. त्या रात्री काहीच घडणार नाही, आणि सकाळी कोणी आभार मानणार नाही, कारण जो हात तुटला नाही तो कोणास दिसत नाही. तो हात दुसऱ्या दिवशी भाकरी मोडील, लेकरास उचलील, आणि आपण तो वाचवला हे आपणांसही कळणार नाही. ह्याहून अधिक प्रतिफळ ह्या कामास नाही. आणि ते थोडे आहे असे आम्हांस वाटत नाही.